आठव्या नंबरचा बिल्ला

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार. गिरीज.

काल दुपारी वसईच्या बेसिन रोड स्टेशनावर उतरलो, तर टांगेवाल्याने बघताक्षणी विचारलं, बर्फाच्या कारखान्याचे नवे सायब तुम्हीच का. कोटाच्या खिशातून फूटपट्टी डोकावत होती, त्यावरून ओळखलं असणार. वाटेत त्याने मला तीन गोष्टी शिकवल्या. इथली केळी वाळवून खावीत, मासा खाताना घाई करू नये आणि पाचूबंदरच्या बायकांशी भावावरून हुज्जत घालू नये. मी पडलो कऱ्हाडचा. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेतला, तोही वर्षातून दोनदा. तेव्हा दुसरी गोष्ट तरी लवकर शिकायला हवी.

खोली झकास मिळाली आहे. भोवती केळीची वाडी, मधे विहीर, विहिरीवर रहाट. बैल गोल फिरतो आणि दिवसभर कुरकुर चालू. घरमालकाला वाटतं मला त्रास होत असेल. त्याला काय सांगू, मला फिरणाऱ्या वस्तूचा आवाज नसला की झोप येत नाही. सायकलने पाचूबंदरचा कारखाना वीस-पंचवीस मिनिटांवर.

कारखाना लहानच, पण माझा पहिला स्वतंत्र कारखाना. चाळीस घोड्यांचं डिझेल इंजिन, त्यावरून पट्टा, पट्ट्यावर अमोनियाचा कॉम्प्रेसर. खाऱ्या पाण्याच्या टाकीत बर्फाच्या लाद्या तयार होतात आणि मासळीबरोबर मुंबईला जातात. इंजिनघर वेगळं, जाड भिंतींचं, लोखंडी दाराचं. दारापासून पन्नास पावलांवर कोळ्यांची वस्ती आहे. तिथे बायका बोंबील वाळत घालतात आणि पोरं आमच्या भिंतीवर चेंडू आपटतात.

आधीच्या इंजिनियरने टेबलात एक तुटकी कंगवी सोडली, बाकी काही नाही. नियम नाहीत, नोंदी नाहीत. मला तर हर्षच झाला. कोरी पाटी मिळायला नशीब लागतं.

२२ नोव्हेंबर, गुरुवार.

आता रोजनिशीला माझ्या हर्षाचं खरं कारण सांगतो. या ऑगस्टात आपल्या देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्या बातमीचं कात्रण माझ्या पाकिटात आहे. तिथल्या कामासाठी मी अर्ज केला आहे, आणि त्यांनी अर्जाबरोबर एक टिपण मागवलं आहे: तुमच्या हाताखालचं यंत्र थांबवायला गेलात आणि ते थांबलं नाही, तर काय कराल?

मला हा प्रश्न फार आवडला. भट्टीत म्हणे वरून दांडे सोडले की आग विझते. पण दांडे मधेच अडकले तर? यंत्र सुरू करायला कोणीही शिकतं. हवं तेव्हा थांबवता आलं तर आपण त्याचे मालक, नाहीतर ते आपलं मालक.

आमच्या इंजिनालाही हे दुखणं होऊ शकतं. डिझेल तोडलं तरी जुनं इंजिन कधीकधी स्वतःचंच वंगणाचं तेल ओढून घेतं आणि आणखी जोरात धावतं. मग कॉम्प्रेसर फुटणार, अमोनिया वस्तीवर जाणार. यावर उपाय एकच, त्याचा श्वास कोंडायचा. फर्डिनंड नावाचा आमचा तेलवाला आहे, तिशीचा, हातभर लांब हसणारा. तो म्हणाला, त्यात काय सायब, हवेच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरायचं, मी दोनदा केलंय. मी त्याला समजावलं की माणसाने आत उभं राहून करायची ती गोष्ट उपाय नव्हे, वेडेपणा. मी अख्ख्या इंजिनघराचंच तोंड बंद करणार. दाराला बाहेरून अडसर, आणि हवेच्या झरोक्याला पत्र्याची झडप, तीही बाहेरून साखळीने पडणारी. आत कोणी नसताना इंजिन आपोआप गुदमरून थांबेल.

अर्थात, आत कोणी नसताना. ते कळायला मोजणी हवी.

२८ नोव्हेंबर, बुधवार.

बिल्ले तयार होऊन आले. पितळी, रुपयाएवढे, वर नंबर ठोकलेला. सात माणसांना एक ते सात, या क्रमाने: मुकादम सेबेस्टियन, रामू, फर्डिनंड, पास्कल, हरेश्वर, शत्रुघ्न, लॉरेन्स. घंटा झाली की बाहेर येणाऱ्याने गळ्यातला बिल्ला दारापाशी ठेवलेल्या रॉकेलच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. नियम पाचवा: डब्यातले बिल्ले मोजावेत, सात भरले की दार लावावं. नियम सहावा: एकदा लावलेलं दार अर्धा तास कोणत्याही कारणाने उघडू नये, कारण आत हवा गेली की इंजिन पुन्हा पेटेल. माझ्या वळणदार अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून टांगलं.

आज एक गंमत झाली. सेबेस्टियन बिल्ले वाटून झाल्यावर तिथेच घुटमळला. म्हणाला, एक कमी पडतो. कोणाचा? तर मशीनचा. हे सगळे आधी बोटीवरचे लोक. मासळीचे वाटे पडतात तेव्हा माणसांबरोबर होडीचाही एक वाटा असतो, जाळ्याचाही असतो. मी हसलो तसा म्हातारा गंभीर झाला. "जी पोसते तिला मोजायची नाय, तर कोनाला मोजायचं, सायब?"

आठवा बिल्ला जास्तीचा आलाच होता, तो देऊन टाकला. त्यांनी तो इंजिनच्या हवेच्या तोंडावर खिळा ठोकून टांगला, लॉरेन्सने मेणबत्ती लावली, हरेश्वरने नारळ फोडला. होडी सोडायची पाळी आली तर तिला एकटी टाकत नाहीत, तिचं काहीतरी बरोबर काढतात, असाही यांचा रिवाज आहे. म्हणून ठरलं की प्रसंग आला तर तिचा बिल्लाही बाहेर आणायचा. फर्डिनंड म्हणाला, तिला मी काढेन.

मग सेबेस्टियनने विचारलं, तर आठ मोजायचे ना? मी म्हणालो, यंत्र काही चालत बाहेर येत नाही, मोजायचे सातच. पुठ्ठ्यावर शाई वाळली होती, ती खोडून घाण कोण करणार.

५ डिसेंबर, बुधवार.

पहिली तालीम. घंटेपासून अडसरापर्यंत एक मिनिट दहा सेकंद. बिल्ले कसे टणाटण पडले! एक, दोन, तीन. मला तो आवाज फार गोड लागला. मशीनचा बिल्ला अर्थातच खिळ्यावर होता, खोट्या घंटेसाठी तिला कशाला हलवायची, असं फर्डिनंडचं म्हणणं.

शत्रुघ्नने विचारलं, सायब, तुमचा बिल्ला? मी म्हणालो, मी मोजणारा. मोजणाऱ्याला बिल्ला कशाला?

माझा जेवणाचा डबा फर्डिनंडची बायको रोझलीन पाठवते. तांदळाची भाकरी आणि आज सुक्या बोंबलाचं कालवण. पहिले आठ दिवस मी भाकरीच खात होतो. काल डबा घ्यायला आली तेव्हा म्हणाली, कालवण परत आलं तर उद्यापासून डबा नुसत्या पाण्याने भरून पाठवीन. आज चाटूनपुसून खाल्लं.

टिपण पाठवलं. मथळा: यंत्र थांबेना तेव्हा.

११ जानेवारी १९५७, शुक्रवार.

थोडक्यात लिहितो.

सकाळी साडेदहाला इंजिनचा आवाज चढला. सेबेस्टियनने डिझेलचा नळ बंद केला. थांबलं नाही. आणखी चढलं. पट्टा फटफटू लागला, कॉम्प्रेसरच्या सांध्यातून अमोनिया सुटला, डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. मी घंटा दिली. सगळं नियमाप्रमाणे झालं. माणसं बाहेर पडली, बिल्ले पडले, मी मोजले. सात. सेबेस्टियनला बाकीच्यांसह वस्ती रिकामी करायला पिटाळलं. रामू वायूने भोवळ येऊन वाळूत पडला होता. मी दार लावलं, अडसर टाकला, साखळी ओढली. इंजिन थोड्या वेळाने बंद पडलं. वस्तीतलं पोरसुद्धा खोकलं नाही.

अर्ध्या तासाने दार उघडलं. फर्डिनंड दाराशी होता.

तो आत कसा राहिला, कळत नाही. सात मोजले होते. सात होते.

१२ जानेवारी, शनिवार.

आज त्याला पुरलं. सगळी वस्ती आली होती, दर्यावरची माणसंही परत फिरली. फादरांनी मराठीत प्रार्थना केली. रोझलीन रडली नाही, क्रुसाकडे बघत उभी राहिली. मला पुढे उभं केलं. ज्यांनी गाव वाचवलं ते साहेब म्हणून. पास्कलच्या आईने माझे हात डोळ्यांना लावले.

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. दार उघडायच्या आधी मी डब्यात पुन्हा पाहिलं होतं. एक, दोन, चार, पाच, सहा, सात. आणि आठ. तीन नंबर नव्हता. आठ नंबर होता.

तो मी काढून खिशात ठेवला. का ठेवला ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. ठाऊक होतं.

१५ जानेवारी, मंगळवार.

ठाण्याहून तपासनीस आले. नियमांचा पुठ्ठा वाचून मान डोलावली. अंगावरचा बिल्ला सापडला का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही, तीन नंबर कुठेच नाही, डब्यात नाही आणि गळ्यातही नाही. बहुधा हलगर्जीने आधीच हरवला असेल, मोजताना घाईत एखादा दोनदा मोजला गेला असेल, माणूस आहे. त्यांनी लिहून घेतलं: मयताने बिल्ला बाळगण्याच्या नियमाचा भंग केला. सेबेस्टियन माझ्याकडे बघत होता. त्याने आठाचा विषय काढला असता तर मी सापडलो असतो. त्याला वाटतं आठवा आतच, खिळ्यावर आहे. त्या दिवसापासून इंजिनघरात पाऊल टाकायला तो तयार नाही, बाकीचेही आत जातात ते खाली मान घालून.

संध्याकाळी रामूला बघायला गेलो. डोळ्यांवर पट्टी. त्याने माझा हात धरून विचारलं, सायब, मी दोन टाकले होते. फर्डीने तिचा बिल्ला माझ्या हातात दिला, बोलला तू हो पुढं, मी तिला गप करतो. तुमी आठ नंबर बघितला ना?

मी त्याला सांगितलं की तुझ्या छातीत वायू गेला होता, तुला भास झाला. डब्यात आठ नंबर नव्हता.

मग तो रडायला लागला. म्हणजे तो माझ्या हातून वाळूत पडला असेल, म्हणाला. डब्यात दिसला असता तर सायब समजले असते. मीच मारला त्याला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा नीच मी याआधी कधी नव्हतो.

१९ जानेवारी, शनिवार.

जेवणाचा डबा अजून रोझलीनच पाठवते. मी नको म्हणून निरोप दिला, तरी पाठवते. आज स्वतः आली. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. दाराशी बसली आणि एकच गोष्ट विचारली.

"त्याने दार वाजवलं का?"

मी म्हणालो, नाही. अमोनियाने माणूस लगेच जातो, त्याला काही कळलंही नसेल.

ती म्हणाली, बरं झालं. वाजवलं असतं आणि कुनी उघडलं नसतं, तर त्याला वाईट वाटलं असतं.

जाताना तिने तीन नंबरचा बिल्ला मागितला. क्रुसाखाली ठेवायचा आहे. सापडला की देतो म्हणालो.

२३ जानेवारी, बुधवार.

इंजिन दुरुस्त होऊन आजपासून चालू. आता बरा होऊन परतलेला रामू धरून माणसं सहा. संध्याकाळी पाळी सुटताना ती डब्यात बिल्ले टाकून जातात, तशी मीच सवय लावली आहे. मी आत टेबलाशी बसून ऐकत होतो. टण. टण. सवयीने मोजले.

सात.

बाहेर येऊन पाहिलं तर सहाच होते. एखादा उसळून दोनदा वाजला असेल.

२४ जानेवारी.

सात वाजले. डब्यात सहा.

२५ जानेवारी.

डब्यात तळाशी फडकं घातलं. आता आवाज होणार नाही. सहा वेळा काहीच ऐकू आलं नाही. सातव्यांदा टण.

खाई त्याला खवखवे, आई म्हणायची. अपराधी मनाला काय, पानगळही पावलं वाटते. मी शिकलेला माणूस आहे.

३१ जानेवारी, गुरुवार.

मुंबईला मुलाखत झाली. तीन गृहस्थ, लांब टेबल, वर पंखा. माझं टिपण त्यांच्यापुढे होतं आणि त्यावर वसईच्या प्रकाराचं वर्तमानपत्री कात्रण. एकजण म्हणाला, तुमची पद्धत कागदावरची नाही, कसाला उतरलेली आहे. थांबायला नकार देणारं यंत्र तुम्ही थांबवलंत. एवढ्या वायूत फक्त एक माणूस गेला, तोही स्वतःच्या चुकीने. भट्टीवर शिकायला येणाऱ्यांसाठी पाचव्या आणि सहाव्या नियमाची स्वच्छ प्रत करून आणा, म्हणाले.

त्यांनी विचारलं, दांडे अडकले, दार लावायची वेळ आली आणि मोजणीत शंका असली तर? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दार वाजलं. तीनदा. मग थांबलं. मग तीनदा.

मी म्हणालो, कोणीतरी आलं आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

४ फेब्रुवारी, सोमवार.

नेमणुकीचं पत्र आलं. एक मार्चला रुजू.

पत्र हातात घेऊन मला आनंद झाला, हे लिहायलाच हवं. पाच मिनिटं निखळ आनंद झाला. मग डबा आला.

८ फेब्रुवारी, शुक्रवार.

डिझेल बंद केल्यावर चाक पूर्वी तीन फेरे घेऊन थांबायचं. आज अकरा.

काल नऊ होते.

सेबेस्टियन बाहेरूनच म्हणाला, खिळ्यावर बिल्ला दिसतो म्हनतात, पन तिला कोनीतरी बाहेर काडलंय. तिचा वाटा तिच्यापाशी नाय. ती त्याला शोधते.

बिल्ला माझ्या ट्रंकेत आहे, कोटाच्या घडीत. ट्रंकेला अमोनियाचा वास येतो.

१३ फेब्रुवारी.

इंजिन बंद पडलं होतं.

हेच लिहायचं राहिलं होतं, आज लिहितो. अकरा जानेवारीला दार लावल्यावर पहिले ठोके आले ते मी इंजिनाचे समजलो. धावतं इंजिन ठोकतंच. पण मग ते बंद पडलं. दार लावून मिनिटसुद्धा झालं नव्हतं. एवढ्या लवकर खोलीतली हवा संपत नाही, हे मला हिशेबाने माहीत होतं. कोणीतरी आतून त्याचं तोंड दाबलं होतं. ओलं पोतं.

ते बंद पडलं, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत दार वाजलं. तीनदा. मग तीनदा. जोरात नाही. घरी उशिरा आलेला माणूस वाजवतो तसं.

मी घड्याळ हातात धरून उभा होतो. एकोणतीस मिनिटं बाकी होती. मी स्वतःला म्हणालो, नियम सहावा.

पाचव्या मिनिटाला थांबलं.

गाव माझ्या दाराने नाही वाचवलं. त्याने वाचवलं. आणि मी त्याला —

१४ फेब्रुवारी.

रोझलीनला सांगायचं ठरवलं. सायकल काढली. पाचूबंदरच्या वळणापर्यंत गेलो. ती दारात जाळं विणत होती, मला बघून उठली, पाणी आणायला आत गेली. मी पाणी पिऊन परत आलो.

एक मार्चनंतर सांगेन. पत्राने कळवेन. आधी रुजू होऊ दे.

१८ फेब्रुवारी.

स्वच्छ प्रत करायला बसलो. नियम पाचवा, डब्यातले बिल्ले मोजावेत. इथवर हात चालतो. पुढे चालत नाही. रहाटाची कुरकुर थांबली म्हणून वर पाहिलं. बैल सोडलेला. रहाट फिरत होता.

२१ फेब्रुवारी.

फेरे चाळीस. नळ बंद. मी स्वतः बंद केला. चाळीस.

रामू रोज कामावर येतो. अजून माझी नजर चुकवतो. चोर मी आणि मान त्याची खाली.

डब्यात आज डोळ्यांनी पाहिले. सात. सातवा ओला होता. उचलायला गेलो तर —

२४ फेब्रुवारी, रविवार. सकाळ. इंजिनघर.

उद्या नव्या माणसाच्या हाती कारखाना देऊन जायचं. सगळे चर्चमध्ये मिस्साला आणि आपापल्या घरी गेले आहेत, इंजिन थंड आहे. दाराला वीट लावून आत आलो. तीन नंबर शोधून निदान तेवढा तरी रोझलीनला द्यायचा, म्हणून. आठ नंबर खिशात आणला आहे, तिचा तिला परत करायला.

मिळाला. शोधावा लागला नाही. हवेच्या तोंडावर, तिच्या खिळ्यावर टांगलेला आहे. दीड महिना तिथेच होता. आत येणाऱ्याला वाटलं हा तिचाच, आणि मी त्या दिवसापासून या कोपऱ्याकडे मान वर करून बघितलंच नव्हतं.

आता कळलं. त्याने तिचा बिल्ला रामूबरोबर बाहेर पाठवला आणि तिच्या जागी स्वतःचा टांगला. हरवला नव्हता. निरोप होता. डब्यात आठ दिसेल, तीन दिसणार नाही, सायब शिकलेले आहेत, नंबर वाचतील, मी आत आहे हे त्यांना कळेल. एवढा भरवसा त्याने माझ्यावर टाकला होता. मी फक्त मोजले.

तेलाच्या पिंपावर बसून हे लिहितो आहे. इथून उठून थेट तिच्याकडे जाणार. सांगणार की त्याने दार वाजवलं. रामूला सांगणार. मुंबईला कळवणार की माझा पाचवा नियम खोटा आहे, तो कोणाला शिकवू नका. नोकरी गेली तर जाऊ दे. हे लिहिताना किती दिवसांनी छाती मोकळी —

चाक हललं.

नळ बंद आहे. बघितला. बंद आहे. पट्टा फिरतो आहे. सावकाश.

बाहेर डबा वाजला. टण.

चर्चची घंटा ऐकू येते. म्हणजे सगळे तिकडेच. मग बाहेर कोण — दोन. तीन.

वेग चढतो. खिळ्यावर आता आठ नंबर आहे. मी टांगला नाही. माझा खिसा रिकामा —

चार. पाच.

उठता येईना. पाय —

सहा.

खिळ्यावर तीन नाही म्हणजे तो डब्यात —

सात.

वीट सरकली. दार —

अडसर पडला. झडप. आता उजेड फक्त फटीतून. ओरडलो, मी आत आहे, मी — बरोबर आहे, सात भरले. माझा बिल्लाच नाही. मी केलाच नाही माझ्यासाठी.

पोतं सापडलं. इंजिनच्या तोंडावर दाबलं. थांबलं. ते थांबलं आहे. आता उघडतील.

दार वाजवलं. तीनदा.

पलीकडे कोणीतरी उभं आहे. श्वास ऐकू येत नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

पुन्हा वाजवलं. तीनदा. जोरात नाही.

डोळ्यांना दिसत नाही, अंदाजाने लिहितो. नियम पाचवा, दुरुस्ती. मोजू नये. नावं घ्यावीत. सेबेस्टियन बाहेर. रामू बाहेर. पास्कल, हरेश्वर, शत्रुघ्न, लॉरेन्स बाहेर. फर्डिनंड — फर्डिनंड बाहेर. आत राहिलेल्या माणसाचं नाव